हिशेब आणि उपपत्ती



अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती होतात, असा प्रश्न सहावी-सातवीच्या वर्गात विचारून पाहा. पाटीवर एक उत्तर हमखास उमटते : दोन पंचमांश. वरचे एक आणि एक मिळून दोन, खालचे दोन आणि तीन मिळून पाच. मांडणी नीटनेटकी, अक्षर सुवाच्य आणि उत्तर साफ चूक! गुरुजी फुली मारतात, छेद समान करण्याचा नियम पुन्हा एकदा सांगतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात.

पण जरा थांबून पाहू या. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी. अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला आणि ती अर्ध्याहून लहान झाली, असे कुणी घरी सांगितले तर तेच मूल खो खो हसेल. मग वर्गात ते हसत का नाही? ते मठ्ठ आहे म्हणून? मुळीच नाही. गोट्या खेळताना सकाळी दोनांपैकी एक नेम लागला, संध्याकाळी तीनांपैकी एक लागला, तर दिवसभरात पाचांपैकी दोन नेम लागले, हा हिशेब अगदी बरोबर आहे. मुलाने तोच हिशेब इथे आणला. म्हणजे विचार होता. फक्त तो या जागी लागू नव्हता. हा विचार कुठे लागू पडतो नि कुठे पडत नाही, हे त्याला कुणी विचारले नाही, आणि त्यानेही स्वतःला विचारले नाही.

सहावी, सातवी, आठवी या इयत्तांतली मुले अकरा ते चौदा वर्षांची असतात. याच सुमारास मूल समोर नसलेल्या गोष्टींबद्दल ‘असे असेल तर काय होईल?’ असा विचार करू लागते, हे झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. आणि याच इयत्तांत अपूर्णांक, प्रमाण, टक्केवारी, अक्षरगणित असे सारे अवघड पाहुणे एकदम घरात शिरतात. अनेकांचे गणिताशी वाकडे येते ते इथेच. तेव्हा या वयात मुलाला केवळ रीत द्यायची की रीतीमागचे कारणही द्यायचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो आजचाही नाही. आपल्या महाराष्ट्रात त्याला निदान आठशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचे दोन-चार टप्पे आज आपण पाहू.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथल्या देवळात एक शिलालेख सापडला आणि १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे ठेवला. लेख आहे शके ११२८ मधला, इसवी सनाप्रमाणे १२०७ चा. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे एक मठ स्थापन केला आणि त्या मठाला दाने मिळाली, अशी हकीकत त्यात कोरलेली आहे. हा चांगदेव म्हणजे प्रत्यक्ष भास्कराचार्यांचा नातू. ग्रंथ नुसता लिहून भागत नाही, तो शिकवणारी जागा लागते, हे त्या काळच्या माणसांना उमगले होते.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. पुस्तकाचा आरंभ होतो तो नाण्यांनी आणि मापांनी. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे बाजार आधी, शास्त्र मागून. त्रैराशिकाचे एक उदाहरण केशराच्या खरेदीचे आहे. तीन सप्तमांश निष्काला अडीच पल केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पल. अपूर्णांकांची बेरीज करण्यासाठी छेद सारखे करावेत, ही रीतही तिथे आहे. ‘समच्छेद’ हा जो शब्द आजच्या मराठी पाठ्यपुस्तकात मुले वाचतात, तो याच परंपरेतून आला आहे.

मात्र लीलावतीतले नियम श्लोकबद्ध आहेत. श्लोक पाठ होतो, सहज तोंडात बसतो. पण श्लोकात ‘असे करावे’ एवढेच मावते. ‘असे का करावे’ हे गुरूने तोंडी सांगायचे. आता गुरूच जर कारण विसरला, तर पुढे नुसता श्लोकच उरतो.

ही उणीव भरून काढण्याचे मोठे काम कोकणातल्या एका विद्वानाने केले. नांदगावचे गणेश दैवज्ञ. ‘ग्रहलाघव’ या त्यांच्या ग्रंथावरून पंचांगे करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी गणित केले. याच गणेश दैवज्ञांनी शके १४६७ मध्ये, म्हणजे १५४५ साली, लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. नावच पाहा, बुद्धीला विलास करू देणारी! या टीकेत त्यांनी नियमांच्या उपपत्ती दिल्या. उपपत्ती म्हणजे नियम खरा का आहे, याचे पटेल असे कारण.

एक नमुना सांगतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्याचा नियम लीलावतीत असा आहे की, परिघाला व्यासाच्या चौथाईने गुणावे. का बरे? गणेश दैवज्ञ म्हणतात, वर्तुळाचे दोन अर्ध करा. प्रत्येक अर्धाच्या केंद्रापासून कडेपर्यंत टोकदार फाका पाडा. संत्र्याची साल सोलून फोडी उलगडतो तसे ते अर्ध उलगडा आणि एकाच्या फोडी दुसऱ्याच्या फटींत बसवा. काय झाले? जवळजवळ एक आयत झाला. त्याची लांबी अर्ध्या परिघाइतकी, रुंदी त्रिज्येइतकी. या दोहोंचा गुणाकार म्हणजेच क्षेत्रफळ. फाका जितक्या बारीक, तितका आयत नीट. संत्र्याचा दाखला मी दिला, पण युक्ती त्यांचीच. आज आपले शिक्षक आठवीच्या वर्गात घोटीव कागद आणि कात्री घेऊन हीच कृती करवून घेतात, तेव्हा कोकणातल्या जवळपास पाचशे वर्षांपूर्वीच्या एका गुरुजींचे बोट धरूनच ते चालत असतात. मुलांना हे अवश्य सांगावे.

आता संस्कृत पाठशाळेतून बाहेर पडून गावातल्या पंतोजींच्या शाळेत जाऊ. धूळपाटी, मोडी वळण, संध्याकाळचा परवचा आणि पाढे. पाढे म्हणजे केवळ बे ते तीस नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. हे सगळे तोंडपाठ. अलीकडे या पाठांतराला हसण्याची पद्धत पडली आहे. मला ती रास्त वाटत नाही. ज्याला पाढे येतात, त्याचे डोके साध्या गुणाकारात अडकून पडत नाही. ते पुढच्या विचाराला मोकळे राहते. शिवाय पावकीत एक मोठे शहाणपण दडलेले होते. गुणाकार केला की संख्या वाढते, अशी मुलांची ठाम समजूत असते. पावकी म्हणणाऱ्या मुलाला मात्र बारा पाव तीन हे लहानपणीच ठाऊक असे. गुणूनही संख्या कमी होते, हे त्याच्या कानावरून रोज जात होते.

हे पाढे आकाशातून पडलेले नव्हते. ते बाजारातल्या मापांवर बेतलेले होते. चार शेरांची पायली, पायलीच्या दोन अधोल्या, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. सगळीकडे अर्धे आणि त्याचे अर्धे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. आपला सुरुवातीचा प्रश्न या नाण्यांत टाकून पाहा. अर्धा रुपया म्हणजे आठ आणे. रुपयाचा तृतीयांश म्हणजे पाच आणे चार पै. दोन्ही मिळून तेरा आणे चार पै. पै मोजायच्या तर १९२ पैकी १६०, म्हणजेच पाच षष्ठांश. दोन पंचमांश रुपया म्हणजे साडेसहा आण्यांहूनही कमी; तेवढे उत्तर वाण्याच्या दुकानात कुणी दिले असते, तर गिऱ्हाइकानेच ते ऐकून घेतले नसते. नाणी बदलून घेणे म्हणजेच समच्छेद करणे. कारण नाण्यात होते. शाळेने ते शब्दांत सांगितले नाही, एवढेच.

आणि इथेच पंतोजींच्या शाळेची उणीव दिसते. तिथे काय करायचे ते येई. का करायचे ते विचारण्याची सोय नव्हती. शिवाय ही शाळा सर्वांची नव्हती. मुलींना, अस्पृश्य मानलेल्या जातींना तिचे दार बंद होते आणि कुणब्याचे पोर तिथे क्वचितच पोहोचे. याची किंमत काय पडली, ते १८७५ साली दिसून आले.

अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव उतरला, त्यात साऱ्याची वाढ आणि सावकाराचे व्याज. त्या साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुपे या गावी शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पसरले. त्यांनी मागितले काय? कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या. आणि मिळाल्या तिथे त्या जाळल्या. दुःख, राग, भूक, सगळे त्यात होते. पण पुष्कळांनी जळताना पाहिले तो कागद त्यांना स्वतःला वाचता येत नव्हता आणि त्यावरच्या आकड्यांची शहानिशा करता येत नव्हती. आकडा दुसऱ्याचा, निशाणी मात्र आपली! उत्तर दुसऱ्याकडून घ्यावे लागते आणि कारण विचारता येत नाही, तेव्हा माणूस परस्वाधीन होतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत मोडी नि बाळबोध लेखन-वाचनाच्या जोडीला हिशेब शिकवावा आणि शेतीचेही ज्ञान द्यावे, असा आग्रह धरला. त्यामागे हाच अनुभव होता.

पुढे स्वराज्य आले, शाळा गावोगाव गेल्या आणि १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले, गज जाऊन मीटर आले. हिशेब सोपा झाला यात शंका नाही. परंतु एक सूक्ष्म गोष्ट घडली. घरातली मापे अर्ध्या-पावाची आणि शाळेतले आकडे दहांश-शतांशांचे, अशी फारकत झाली. आजही बाजारात आपण पावशेर मिरच्या मागतो, आणि काट्यावर आकडा दिसतो ०.२५०. वर्गात विचारा, ०.२५ मोठे की ०.३? पुष्कळ मुले सांगतील, ०.२५, कारण पंचवीस हे तिनापेक्षा मोठे. पुन्हा तेच! मूल विचार करते आहे, पण पूर्ण संख्यांचा कायदा दशांशांच्या गावात लावते आहे. आपण मोठी माणसे ‘पॉइंट पंचवीस’ असे वाचून तिच्या गोंधळात भरच घालतो. तिथे ‘दोन दशांश, पाच शतांश’ असे म्हटले, किंवा पंचवीस पैसे आणि तीस पैसे यांची आठवण दिली, की चूक मुलालाच दिसते.

शाळेतला हिशेब आणि बाहेरचा हिशेब यांत किती अंतर पडू शकते, याचा एक प्रसिद्ध दाखला ब्राझील देशातला आहे. रेसिफे शहरात रस्त्यावर फळे, नारळ विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांची तीन संशोधकांनी परीक्षा घेतली. तिचा वृत्तान्त १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारले तेव्हा शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर. त्याच धर्तीची उदाहरणे शाब्दिक स्वरूपात दिली तेव्हा चौऱ्याहत्तर. आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा अवघी सदतीस! त्यांतल्या एका बारा वर्षांच्या मुलाला विचारले, एक नारळ पस्तीसला, तर दहा नारळांचे किती? शाळेची रीत अशी की पस्तिसावर शून्य द्यावे. या पोराने काय केले? तीन नारळांचे एकशेपाच, आणखी तीन घेतले की दोनशेदहा, आणखी तीनचे तीनशेपंधरा, वर एक म्हणजे तीनशेपन्नास. रस्ता लांबचा खरा, पण प्रत्येक पावलाचे कारण त्याच्या हातात होते.

आपल्या देशातही असेच दिसले. कोलकाता आणि दिल्ली इथल्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०२५ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात आला. बाजारातली मुले सौद्याचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करीत, पण तसेच आकडे कागदावर मांडले की अडखळत. याच्या उलट, बाजाराचा अनुभव नसलेली जवळच्या शाळांतली मुले कागदावरची साधी उदाहरणे अधिक बरोबर सोडवीत. पण बाजारातला जो एक हिशेब कामकरी मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी केला, तो या शाळकरी मुलांत शंभरात एकालाच जमला. म्हणजे दोन्हींकडे अर्धे-अर्धे गणित आहे. एकाकडे कारण आहे, पण ते कागदावर उतरवता येत नाही; दुसऱ्याकडे कागद आहे, पण त्याला कारणाची जोड नाही.

यावरून कुणी असे समजू नये की शाळेची रीत टाकून द्यावी. पस्तिसाला दहाने गुणताना तीन-तीनच्या उड्या चालतील, पण साडेसातशेला एकशेसदतीसने गुणताना त्या कामाच्या नाहीत. कागदावरची रीत ही माणसाने मोठ्या कष्टाने मिळवलेली ठेव आहे. प्रश्न आहे तो दोन्हींची गाठ घालण्याचा. आणि ही गाठ उच्च प्राथमिक इयत्तांत पडली नाही, तर पुढे ती पडणे फार कठीण जाते.

अक्षरगणिताचेच घ्या. पाच आंबे म्हणजे ‘पाच अ’, असे सांगितले की मुलाला वाटते, अ म्हणजे आंबा. मग ‘अ वर्ग’ म्हणजे चौकोनी आंबा काय? भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जितकी असेल तितकी’. किती नेमका शब्द! अक्षर हे वस्तूचे नाव नसून न कळलेल्या संख्येचे नाव आहे, हे त्या एका शब्दात आले. शिक्षकाने क्षला ‘जितके असेल तितके’ असे आठ दिवस वाचले, तरी मुलांची निम्मी भीती जाईल.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना तीन गोष्टी सुचवतो. पहिली, उत्तर काढण्याआधी अंदाज मागा. अर्धा आणि तृतीयांश मिळून अर्ध्याहून जास्त की कमी? एकाहून जास्त की कमी? एवढे विचारले तरी दोन पंचमांश आपोआप बाद होते. दुसरी, ओळखीचे माप हाती द्या. आणे-पै गेले, पण घड्याळ आहे. अर्धा तास म्हणजे तीस मिनिटे, तृतीयांश तास वीस मिनिटे. मिळून पन्नास मिनिटे, म्हणजे साठातली पन्नास, पाच षष्ठांश तास. समच्छेद करणे म्हणजे काय, ते घड्याळाच्या काट्यावर दिसते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘कसे काढलेस?’ हा प्रश्न उत्तर बरोबर आले तरीही विचारा. फक्त चुकल्यावरच विचारला, तर मुलाला तो दटावण्यासारखा वाटतो आणि ते उत्तर पुसून टाकते. वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, हे मला ठाऊक आहे. सगळ्यांना रोज विचारणे होणार नाही. पण रोज दोघांना विचारले, तरी महिन्याभरात वर्ग फिरून होतो, आणि बाकीचे ऐकत असतातच.

घरी ऐकणाऱ्या मंडळींसाठीही काम आहे. आपण शाळेत गेलो नाही, आपल्याला काय कळणार, असे म्हणून बाजूला सरू नका. उसाची वजनपावती, दुधाचा दहा दिवसांचा हिशेब, बियाण्याच्या पिशवीवरची किंमत आणि सूट, सोसायटीच्या कर्जाचे व्याज, हे सगळे सातवीचे गणितच आहे. पावती आली की ती मुलीसमोर किंवा मुलासमोर ठेवा आणि म्हणा, ‘बाळ, हा आकडा कसा आला, मला नीट समजावून सांग.’ सांगता सांगता अडले, तर ते अडणेही चांगले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत गुरुजींना विचारील. आणि पावतीतच चूक निघाली, तर ती दाखवायला घरातले कुणीतरी तयार झालेले असेल.